पहिला फेरा : जुन्या गॅस एंजिनाला जाग कशी आणतात?

विहिरीवरचे जुन्या पद्धतीचे डिझेल एंजिन चालू करताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? पाहिले नसेल तर एखाद्या मळ्यात जाऊन अवश्य पाहा. एंजिन चालवणारा माणूस क्रँक शाफ्टच्या टोकाला हँडल अडकवतो. एका हाताने तो एंजिनाच्या डोक्यावरची एक छोटी दांडी उचलून धरतो आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवू लागतो. जड चाक आधी कुरकुरत, मग सहज फिरू लागते. चाकाने चांगला वेग घेतला, की तो दांडी सोडून देतो. एंजिन क्षणभर अडखळते आणि मग 'टुक्-टुक्-टुक्' असा आवाज करीत स्वतःच्या बळावर चालू लागते.

ती दांडी न उचलता हँडल मारले तर? धट्टाकट्टा पैलवानसुद्धा अर्ध्या फेऱ्यात अडकून पडेल. एवढी काय जादू आहे त्या दांडीत?

आता याच एंजिनाच्या जागी दुसरे एक एंजिन डोळ्यांपुढे आणा. त्याचे चाक तुमच्या दुप्पट उंचीचे, पाच टन वजनाचे. सिलिंडर एवढा मोठा, की त्यात पाण्याच्या पाच-सहा बादल्या सहज रिकाम्या कराव्यात. ते गेली पन्नास-साठ वर्षे गंजत पडलेले आहे. हँडल मारायचा प्रश्नच नाही. मग ते चालू कसे करायचे? या प्रश्नाच्या उत्तरात उष्णतेचे, गतीचे आणि धातूंचे कितीतरी शास्त्र दडलेले आहे. शिवाय उत्तर चुकले तर हातपाय, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून आपण ते नीट, पायरीपायरीने समजावून घेऊ.

फिरेल तेव्हा पेटेल, पेटेल तेव्हा फिरेल

वाफेच्या एंजिनाची गोष्ट सोपी आहे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब आधीच तयार असतो. झडप उघडली, की वाफ दट्ट्याला ढकलते आणि थांबलेले एंजिन चालू लागते. गॅस एंजिनाचे तसे नाही. त्याचा दाब सिलिंडरच्या आतच निर्माण व्हावा लागतो आणि तो निर्माण होण्यासाठी चार कामे क्रमाने व्हावी लागतात. दट्ट्या बाहेर सरकताना हवा आणि गॅस यांचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या परत येताना ते दाबले जाते. मग ठिणगी पडून ते पेटते आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने ढकलतात. शेवटी जळलेले वायू बाहेर टाकले जातात. या चार धावांत चाकाचे दोन फेरे होतात आणि चारांपैकी फक्त एकच धाव कमाईची असते. बाकीच्या तीन धावा खर्चाच्या.

म्हणजे एंजिन फिरल्याशिवाय गॅस पेटत नाही आणि गॅस पेटल्याशिवाय एंजिन फिरत नाही! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच हा प्रकार. या कोड्यातून सुटायचे तर पहिला फेरा कोणीतरी बाहेरून फिरवून द्यायला हवा.

सर्वांत आधीच्या गॅस एंजिनांत ही अडचण एवढी मोठी नव्हती. १८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लनुआर याने व्यवहारात उपयोगी पडेल असे गॅस एंजिन बनवले. त्यात मिश्रण दाबण्याची पायरीच नव्हती. ते फिरवायला हलके होते, पण खादाड होते. एक अश्वशक्ती तासभर मिळवण्यासाठी त्याला दगडी कोळशापासून बनवलेला सुमारे तीन घनमीटर गॅस लागे. १८६२ साली बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने लिहून दाखवले, की मिश्रण पेटवण्यापूर्वी दाबले तर त्याच गॅसमधून पुष्कळ अधिक काम मिळेल. १८७६ साली जर्मनीतील कोलोन शहराजवळच्या डॉइट्झ येथे निकोलाउस ऑटो याने चार धावांचे एंजिन प्रत्यक्षात चालवून दाखवले. गॅसचा खर्च सुमारे एक तृतीयांशावर आला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या क्रॉसली बंधूंनी ही एंजिने मोठ्या संख्येने बनवली.

पण फायदा फुकट मिळत नाही. मिश्रण दाबण्याने गॅस वाचला आणि त्याच दाबण्याने पहिला फेरा अवघड झाला. गुण आणि अडचण, दोन्हींचे मूळ एकच. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढचा सर्व उलगडा त्यातूनच होणार आहे.

तेलाच्या मुलखातले राक्षस

अशी मोठी एंजिने जगात पुष्कळ ठिकाणी वापरली गेली, पण त्यांचे एक मोठे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याचा पश्चिम भाग. तेथे टायटसव्हिल गावाजवळ १८५९ साली एडविन ड्रेक याने खोदलेल्या विहिरीतून खनिज तेल मिळाले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर येई. एंजिनासाठी इंधन विकत आणायला नको. विहिरीतूनच नळी जोडायची! त्यामुळे तेल उपसायला गॅस एंजिने आली. पुढे हाच वायू दूरच्या शहरांकडे नळांतून पाठवू लागले. त्यासाठी वाटेत ठिकठिकाणी तो पुन्हा दाबून पुढे ढकलणारी केंद्रे उभारली. तेथील प्रचंड एंजिने नळातल्या वायूचाच थोडासा भाग जाळून उरलेला वायू पुढे ढकलत. याच राज्यातील ग्रोव्ह सिटी येथे बेसेमर कंपनी आणि शेजारच्या ओहायो राज्यात कूपर कंपनी अशी एंजिने बनवीत. १९२९ साली या दोन्ही कंपन्या एक झाल्या.

पुढे विजेच्या मोटारी आल्या, लहान आणि वेगवान एंजिने आली. मंद चालीचे हे राक्षस एकामागून एक बंद पडले. बरीचशी भंगारात गेली. काही तेथेच रानात, छप्पर कोसळलेल्या खोल्यांत उभी राहिली. मग काही हौशी मंडळींनी त्यांना वाचवायचे मनावर घेतले. पश्चिम पेनसिल्व्हानियातील कूलस्प्रिंग या लहानशा गावात १९८५ साली अशा एंजिनांचे एक संग्रहालय सुरू झाले. बफेलो शहरातील स्नो कारखान्यात बनलेले ६०० अश्वशक्तीचे एक अजस्र गॅस एंजिनही तेथे आहे. अशा संग्रहालयांत एंजिने नुसती रंगवून ठेवत नाहीत, तर चालवून दाखवतात. आणि ती चालवायची म्हणजे पहिल्या फेऱ्याचा प्रश्न आलाच.

थोडे गणित करू

हिशेबासाठी आपण एक मध्यम आकाराचे नमुन्याचे एंजिन घेऊ. एकच आडवा सिलिंडर. त्याचा व्यास ४० सेंटिमीटर. दट्ट्याची धाव ६० सेंटिमीटर. गती मिनिटाला १८० फेरे. असे एंजिन सुमारे ७५ अश्वशक्ती देईल. त्याच्या प्रचक्राचा, म्हणजे मोठ्या जड चाकाचा, व्यास ३ मीटर आणि कडेचे वजन ५ टन धरू.

दट्ट्या एका धावेत सुमारे ७५ लिटर जागा व्यापतो. मिश्रण आकारमानाच्या एक पंचमांशावर दाबले जाते असे समजा. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब पाचपट व्हायला हवा. पण झटकन दाबल्यामुळे मिश्रण तापते, म्हणून दाब प्रत्यक्षात आठ-नऊपट होतो. (सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून भराभर दाबून पाहा, पंप गरम लागेल.) दट्ट्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस सेंटिमीटर आहे. धावेच्या शेवटी त्यावर येणारा एकूण भार होतो जवळजवळ १० टन! दोन भरलेले मालट्रक दट्ट्याला मागे लोटत आहेत असे समजा.

एका वेळी मिश्रण दाबायला किती ऊर्जा लागते? हिशेब केला तर ती सुमारे १३ किलोज्यूल येते. ५० किलोग्रॅमचे धान्याचे पोते आठ-नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर नेण्याएवढे हे काम आहे आणि ते अर्ध्या फेऱ्यात करायचे आहे. हाताने हँडल मारणे का शक्य नाही, ते आता कळले ना?

मग एंजिन चालू असताना ही ऊर्जा कोठून येते? प्रचक्राकडून. मिनिटाला १८० फेरे या वेगात चाकाची कड सेकंदाला सुमारे २६ मीटर, म्हणजे ताशी ९५ किलोमीटर वेगाने धावते. तिच्यात सुमारे १,७४० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. त्यातले १३ किलोज्यूल खर्च झाले तर एक टक्कासुद्धा कमी होत नाही. प्रचक्र म्हणजे एंजिनाची बचत बँक. कमाईच्या धावेत ठेव ठेवायची आणि खर्चाच्या तीन धावांत थोडी थोडी काढायची.

पण सुरुवातीला बँकेत शिल्लक शून्य असते. निदान १३ किलोज्यूल शिल्लक पडायला चाकाचा वेग किती हवा? गतिज ऊर्जेच्या सूत्रात आकडे घालून पाहा. उत्तर येते मिनिटाला सुमारे १६ फेरे. घर्षणासाठी थोडी भर घालू आणि २० म्हणू. चाक याहून हळू फिरत असेल तर दट्ट्या दाबाची टेकडी चढता चढता थांबेल आणि तसाच मागे घसरेल. पाच टनांचे चाकही त्याच्याबरोबर उलटे फिरेल. याहून वेगात असेल तर टेकडी पार होईल. पहिल्या फेऱ्याचे सारे रहस्य या 'टेकडी'त आहे.

टेकडी चढण्याच्या तीन युक्त्या

पहिली युक्ती : टेकडीच लहान करायची. मळ्यातल्या एंजिनाची ती दांडी हेच काम करते. ती झडप उघडी धरते, म्हणून दाब निर्माणच होत नाही. मोठ्या गॅस एंजिनात यासाठी एक जास्तीचा कॅम असतो. तो सुरुवातीपुरता वापरला, की दाबण्याच्या धावेच्या पहिल्या भागात निकास झडप थोडी उघडी राहते. निम्मी धाव अशी फुकट घालवली तर आपल्या एंजिनात १३ ऐवजी फक्त ४ किलोज्यूल लागतात आणि १६ फेऱ्यांऐवजी ९ फेऱ्यांच्या वेगातच टेकडी पार होते. उरलेले मिश्रण थोडे असले तरी पेटायला पुरेसे असते.

दुसरी युक्ती : धक्का देणारा मदतनीस. लोखंडी टाकीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम एवढ्या दाबाने हवा भरून ठेवतात. दट्ट्या कमाईच्या धावेच्या सुरुवातीला आणून ठेवायचा आणि झडप उघडून ही हवा सिलिंडरमध्ये सोडायची. धावेचा पहिला तिसरा भाग हवा आत येत राहिली तरी २५ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मिळते. असे एक-दोन धक्के बसले, की चाकाने टेकडीपुरता वेग घेतलाच. जणू क्षणभर ते वाफेचे एंजिन झाले! आजही मोठ्या जहाजांची प्रचंड डिझेल एंजिने दाबलेल्या हवेनेच चालू करतात. मुंबई बंदरात उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या पोटात अशा हवेच्या टाक्या असतात.

तिसरी युक्ती : ठिणगी उशिरा पाडायची. मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरायला थोडा वेळ लागतो. म्हणून चालत्या एंजिनात दट्ट्या टोकाला पोचण्याच्या थोडे आधी, समजा क्रँकचे २५ अंश आधी, ठिणगी पाडतात. १८० फेऱ्यांच्या वेगात हे २५ अंश पार व्हायला सेकंदाचे सुमारे २३ हजारांश लागतात. पण २० फेऱ्यांच्या वेगात तेच अंतर कापायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या अवधीत सारे मिश्रण जळून जाईल, दाब भडकेल आणि तो दट्ट्याला टोकाला पोचण्याआधीच उलटा फेकील. कारागिरांच्या भाषेत एंजिन 'लाथ मारते'. लहान एंजिनाची लाथ मनगट मोडते; मोठ्या एंजिनाची लाथ क्रँक शाफ्टसुद्धा वाकवू शकते. म्हणून सुरुवातीला ठिणगी टोकावर किंवा टोक ओलांडल्यावर पाडतात आणि वेग वाढला, की हळूहळू मागे आणतात.

पण आधी दुरुस्ती

पन्नास वर्षे गंजलेल्या एंजिनाला एकदम हवा सोडणे म्हणजे आजाऱ्याला उठवून शर्यतीत पळवण्यासारखे आहे. आधी त्याची तपासणी आणि शुश्रूषा करावी लागते. यातले बहुतेक भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात आणि बिडाचा स्वभाव ओळखणे ही या कामाची पहिली अट आहे. बीड दाबले तर खूप भार सोसते. ताणले किंवा ठोकले तर पोलादासारखे वाकत नाही, एकदम तडकते.

दट्ट्या गंजून सिलिंडरमध्ये घट्ट बसलेला असतो. घणाचे घाव घालून तो निघत नाही. फुटतो मात्र नक्की! तेथे केरोसीन आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतून वाट पाहायची. हे तेल गंजाच्या बारीक फटींतून झिरपते. कधी दिवस लागतात, कधी महिने. मग मागून जॅक लावून सावकाश, सारखा दाब द्यायचा. एक केसभर हालचाल झाली, की पुन्हा तेल. येथे धीर हेच मुख्य हत्यार.

सिलिंडरभोवती थंड पाणी खेळवण्यासाठी पोकळी असते. थंड मुलखात हिवाळ्यात त्यातले पाणी सोडून द्यायला कोणी विसरले, तर पाण्याचा बर्फ होतो, आकारमान सुमारे ९ टक्के वाढते आणि जाड बीडही तडकते. अशी भेग नेहमीच्या वेल्डिंगने बुजवायला गेले तर एकच जागा तापून प्रसरण पावते आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून तिला 'शिवतात'. भेगेच्या रेषेवर एकमेकांना खेटून भोके पाडतात, आटे कापून त्यांत धातूचे स्क्रू घट्ट बसवतात आणि आडव्या पट्ट्यांनी दोन्ही बाजू सांधतात. हे सारे उष्णता न देता होते.

प्रचक्राची परीक्षा तर फारच महत्त्वाची. बाजारात मडके घेताना आजी ते बोटाने वाजवून पाहते ना? तसेच चाकाचे आरे आणि कड हातोडीने हलकेच वाजवतात. चाक धड असेल तर खणखणीत नाद येतो. भेग असेल तर आवाज बद्द येतो. शंका आली तर रंगद्रव वापरूनही भेग शोधतात. एवढी काळजी कशासाठी? फिरणाऱ्या कडेत निर्माण होणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, की ताण चौपट! म्हणून बिडाच्या चाकांच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटरच्या आत ठेवण्याची अभियंत्यांची जुनी रीत आहे. एंजिन बेफाम सुटून चाक फुटले, तर टनाटनाचे तुकडे भिंती फोडून बाहेर जातात. वेग मर्यादेत ठेवणारा नियंत्रक, म्हणजे गव्हर्नर, मोकळा हलतो की नाही, हे पाहिल्याशिवाय अशा एंजिनाला कोणीही हात लावू नये.

शाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांना आतून कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर असते. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली ते शोधले. ते खराब झाले असेल तर वितळवून नवे ओततात आणि मग हाताने खरवडून बसवतात. शाफ्टला निळा रंग पुसट लावून तो अस्तरावर फिरवायचा; जेथे रंग उमटेल तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. शाफ्ट आणि अस्तर यांत तेलासाठी फट ठेवावी लागते. तिचा अंदाज शाफ्टच्या व्यासाचा सुमारे हजारावा भाग, म्हणजे १५ सेंटिमीटर जाड शाफ्टला ०.१५ मिलिमीटर. ती मोजायची कशी? शिशाची बारीक तार मध्ये ठेवून बेअरिंग आवळायचे, पुन्हा उघडायचे आणि चपटी झालेली तार किती जाड उरली ते मोजायचे. किती साधी आणि किती हुशारीची पद्धत!

अखेर तो दिवस

आता आपण एंजिनाजवळ उभे आहोत असे समजा. कामाचा क्रम असा :

१. गॅसचा नळ बंद. ठिणगीची जोडणी तोडलेली. तेलाच्या कुप्या भरून थेंब पडू लागले, पाणी खेळू लागले, याची खात्री करायची.

२. पहारीने चाक हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवायचे. कोठे अडत नाही ना, झडपा वेळेवर उघडतात ना, ते पाहायचे.

३. दट्ट्या कमाईच्या धावेच्या सुरुवातीला, टोकाच्या किंचित पुढे आणायचा. दोन्ही झडपा बंद असायला हव्यात. दट्ट्या टोकाच्या अलीकडे राहिला तर एंजिन उलटे फिरेल.

४. पहार काढायची. सारी हत्यारे मोजून जागेवर ठेवायची. चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही उभे राहायचे नाही.

५. सुरुवातीचा कॅम लावायचा. ठिणगी उशिराची करून तिची जोडणी द्यायची.

६. हवेची झडप उघडायची. फुस्स... चाक हलते. दुसरा धक्का. चाक आता न थांबता टेकडी ओलांडते.

७. गॅसचा नळ थोडासा उघडायचा. नैसर्गिक वायू हवेत सुमारे ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो. कमी झाला तरी नाही, जास्त झाला तरी नाही. म्हणून नळ उगाच जास्त उघडून उपयोग नाही.

८. 'धम्म्!' पहिला स्फोट झाला, की हवा तत्काळ बंद. कॅम पूर्ववत. वेग वाढेल तशी ठिणगी हळूहळू आधीची करायची आणि गव्हर्नरकडे लक्ष ठेवायचे.

चार-पाच फेरे होऊनही गॅस पेटला नाही तर? हट्टाने गॅस सोडत राहायचे नाही. न जळलेला गॅस निकास नळीत साठतो आणि नंतर एकदम भडकतो. गॅस बंद करायचा, नुसत्या हवेवर दोन-तीन फेरे देऊन नळ्या मोकळ्या करायच्या आणि चूक शोधायची. खोलीत वारा खेळता हवा, हेही ओघाने आलेच. कोळशापासून बनवलेल्या गॅसवरच्या एंजिनाबाबत तर याची दुप्पट काळजी घ्यावी लागते, कारण त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो.

आणखी एक ताकीद. टाकीतली हवा संपली म्हणून कोणी ऑक्सिजनचे नळकांडे जोडायची कल्पना लढवली, तर त्याला तेथेच थांबवा. दाबलेला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले, की स्फोट ठरलेला.

क्रमातली प्रत्येक पायरी का आहे, ते तुम्ही आता सांगू शकाल. नुसता क्रम पाठ करणारा माणूस एखादी पायरी विसरतो; कारण समजलेला माणूस विसरत नाही. अशी एंजिने जपून ठेवण्याचा खरा लाभ हाच आहे. मोटारीच्या एंजिनातही हेच सारे घडते, पण ते झाकणाखाली, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात. येथे ते डोळ्यांना दिसेल एवढ्या सावकाश घडते. शास्त्राचा एक धडाच समोर उभा राहून श्वास घेऊ लागतो!

करून पाहा

सायकल उलटी करून खोगीर आणि हँडलवर उभी करा. पुढच्या चाकाच्या कडेवर एका जागी सुमारे १०० ग्रॅम ओली माती किंवा मेण घट्ट चिकटवा. चाक सोडले, की गोळा तळाशी येऊन थांबेल. आता चाकाला हलका धक्का द्या. गोळा थोडा चढून मागे येईल. धक्का वाढवत न्या. एका ठरावीक वेगाला गोळा माथा ओलांडील आणि चाक फिरत राहील. हीच आपली 'टेकडी'. साध्या सायकलच्या चाकाला यासाठी मिनिटाला सुमारे २७ फेऱ्यांचा वेग लागतो. आता गोळा निम्मा करून पाहा. मग गोळा पूर्ववत करून कडेभोवती ओला सुती दोर सारखा गुंडाळा आणि पुन्हा पाहा. चाकाच्या आऱ्यांत बोटे घालू नका.

विचार करा

१. आपल्या नमुन्याच्या एंजिनाच्या प्रचक्राचे वजन ५ ऐवजी १० टन केले, तर टेकडी ओलांडायला मिनिटाला किती फेऱ्यांचा वेग पुरेल? वेग निम्मा होईल की नाही?

२. जड चाकाला तेवढा वेग द्यायला हवेच्या टाकीतून कमी ऊर्जा लागेल, जास्त लागेल की तेवढीच?

३. लनुआरच्या एंजिनाला 'टेकडी' नव्हती, तरीही प्रचक्र होते. ते कशासाठी असेल?

वर्गात शिक्षकांबरोबर या प्रश्नांची चर्चा करा. आणि पुढच्या वेळी मळ्यात हँडल मारताना कोणी दिसले, तर त्यांना ती छोटी दांडी दाखवायची विनंती करा. त्या बोटभर दांडीत काय दडले आहे, ते आता तुम्हीच त्यांना सांगू शकाल.